लेखी खुलासा

"पेन खाली ठेवा, जगदीश," गुप्ते मॅडम म्हणाल्या.

जगदीशने चमकून वर पाहिलं. आपल्या हातात पेन आहे हेच त्याच्या ध्यानात नव्हतं. पेन त्याचं नव्हतंही, समोर बसलेल्या नवीन नावाच्या मुलाचं होतं. नवीन पहिल्या वर्षाचा, जेमतेम अठराचा. आपला निबंध जगदीशकडे सरकवून तो खुर्चीत मागे रेलला होता आणि निवांत मोबाइल बघत होता. कागदावर त्याच्या अकरा ओळी होत्या. त्यातल्या नऊ ओळींवर जगदीशने काट मारली होती, आणि समासात, दोन ओळींच्या मधल्या फटीत, शेवटी कागद उलटून त्याच्या पाठीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात दुसराच निबंध उतरवला होता.

"वाक्यच चुकत होतं मॅडम त्याचं."

"चुकत असेल. पण कोणाचं वाक्य आहे ते?"

जगदीशने पेन टेबलावर ठेवलं. नवीन मात्र खूश होता. "राहू द्या ना मॅडम. काकांनी एक नंबर लिहिलंय."

तो कागदाची घडी करून गेला. दोन दिवसांनी मराठीच्या तासाला सरांनी त्याला तो निबंध वाचायला लावला आणि मध्येच थांबवून विचारलं, "'अंतर्मुख' म्हणजे काय रे?" नवीनने कागदाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "मला नाही माहीत सर. तो शब्द जगदीशकाकांचा आहे." वर्ग हसला तो हसलाच.

गुप्ते मॅडमनी जगदीशला बोलावून हा किस्सा सांगितला, पण त्या स्वतः हसल्या नाहीत. "तुम्ही फार चांगलं लिहिता," त्या म्हणाल्या. "तुमची अडचण तीच आहे."

जगदीश ओव्हाळ तेहतीस वर्षांचा होता. कर्जतच्या त्या कॉलेजात तो दुसऱ्या वर्षाला होता आणि त्याच्या बाकावरची मुलं त्याच्यापेक्षा तेरा-चौदा वर्षांनी लहान होती. राहायला कुंभिवलीला. बारावीनंतर वडील सखाराम वारले तेव्हा शिक्षण सोडून तो साजगावच्या एका कारखान्यात लागला, आणि तेरा-चौदा वर्षं मशीनपुढे उभं राहिल्यावर एक दिवस कोणालाही न विचारता कॉलेजचा फॉर्म भरून आला. सकाळी कॉलेज, तीन वाजता दुसरी पाळी. मधल्या वेळात मोटारसायकलवर कर्जत ते साजगाव.

पण गावात त्याची ओळख कारखान्याची नव्हती. तो अर्ज लिहिणारा जगू होता. दहावीत असल्यापासून साऱ्या वस्तीचे अर्ज तो लिहीत आला होता. नळाचा अर्ज, विजेच्या खांबाचा अर्ज, रेशनकार्डावरचं नाव, कोणाची रजा, कोणाची तक्रार. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' हे त्याच्या हातून झोपेतसुद्धा उतरलं असतं. खालापूरच्या कचेरीतला कारकून त्याचं अक्षर ओळखायचा. "जगूनं लिवलं म्हंजे काम झालं," असं बायामाणसं म्हणत, आणि जगदीशलाही ते पटत आलं होतं.

म्हणूनच जुलैत गुप्ते मॅडमनी ग्रंथालयाच्या मागची खोली झाडून घेतली, जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे हलवून तिथे दोन टेबलं टाकली, दारावर 'लेखन केंद्र' अशी पाटी लावली आणि मुलांना लिहायला मदत करणारी पाच मुलं निवडली, तेव्हा त्यांत आपलं नाव आहे याचं जगदीशला फारसं नवल वाटलं नाही. या पाच जणांना 'लेखनमित्र' म्हणायचं ठरलं होतं. त्याला वाटलं, आपण आजवर जे करत आलो तेच आता खुर्चीवर बसून करायचं.

पण इथले नियमच उलटे होते. कागद येणाऱ्याचा आणि पेनही त्याचंच. लेखनमित्राने विचारायचं, ऐकायचं, वाट बघायची. येणारा अडला तर शब्द पुरवायचा नाही. शेवटी लिहिलेलं त्याच्याच तोंडून मोठ्याने वाचून घ्यायचं. बाकीच्या चौघांना हे सोपं गेलं, कारण त्यांना शब्द पुरवायची सवय नव्हती. जगदीशच्या हाताला मात्र मुंग्या यायच्या. समोरची मुलगी 'माझा गाव' लिहून थबकली की तिच्यापुढची चार वाक्यं त्याच्या डोक्यात रांगेत उभी असायची. तो पाण्याचे घोट घ्यायचा, खिडकीबाहेर बघायचा. वाट बघणं हे कारखान्यातल्या पाळीपेक्षा थकवणारं काम आहे असं त्याला वाटू लागलं. नवीनचा किस्सा झाल्यावर तर त्याने मॅडमना सांगूनही टाकलं, "मला नाही जमायचं हे. दुसऱ्या कुणाला घ्या."

"फेब्रुवारीअखेर बसा," मॅडम म्हणाल्या. "मग सोडा."

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी संजना आली.

दारातच घुटमळत होती. पहिल्या वर्षाची, कोंडाण्याची मुलगी. कॉलेजात ती फारशी दिसत नसे म्हणून जगदीशला तिचा चेहराही नीट माहीत नव्हता. सूचना फलकावर कमी हजेरीवाल्यांची यादी लागली होती आणि तिच्या नावापुढे एकतीस टक्के होते. हजेरी पंचाहत्तरच्या खाली म्हणजे परीक्षेचा फॉर्म अडणार. शनिवारी साडेबाराला हजेरी समितीपुढे पालकांसह हजर व्हायचं आणि लेखी खुलासा द्यायचा, असं तिथे लिहिलं होतं.

"हा बघता का?" तिने कागद पुढे केला. "मैत्रिणीच्या अर्जावरून उतरवलाय."

जगदीशने वाचला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, घरगुती अडचणींमुळे मी महाविद्यालयात नियमित उपस्थित राहू शकले नाही. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' एकही चूक नव्हती. आपणच लिहिलाय की काय असं त्याला वाटलं. असे साठ अर्ज समितीच्या टेबलावर असणार होते, सगळ्यांच्या घरी सारख्याच अडचणी.

"घरगुती अडचण म्हणजे काय गं?"

"आई आजारी हाय."

"दवाखान्याचे कागद आहेत ना? जोडलेस?"

"जोडले. पन ऑफिसात म्हनाले, आजारपण स्वतःचं पायजे. आईचं चालत नाय." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "यंदा फॉर्म अडला तर बा परत नाय पाठवायचा. एक वर्ष घालवलंस, आता घरीच बस म्हननार."

जगदीशच्या डोक्यात मजकूर तयार झाला. 'मातोश्रींच्या दीर्घ आजारपणात कुटुंबातील एकमेव शुश्रूषाकर्ती या नात्याने...' पेन टेबलावर होतं. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. काय विचारावं ते मात्र सुचेना. शेवटी सुचलं ते अगदीच साधं होतं.

"एक दिवस सांग मला. तू कॉलेजला आली नाहीस असा कुठलाही एक दिवस. सकाळी उठल्यापासून."

"सगळे दिवस सारकेच हायेत."

"मग सोपं आहे. एकच सांग."

संजना बोलू लागली ती आधी तुटक, आणि मग एकदम घरच्यासारखं.

दिवाळीच्या आधी तिची आई, सोनाबाई, मोरीत भांडी घासता घासता कलंडली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. पनवेलच्या दवाखान्यात पंधरा दिवस होती. हातपाय हलके हलके सुधारतील म्हणाले, पण बोलणं पुन्हा शिकवावं लागेल, आठवड्यातून दोनदा घेऊन या. कोंडाण्याहून पनवेलला आठवड्यातून दोनदा अर्धं अंग लुळं पडलेल्या बाईला न्यायचं कसं? बाप धाकलू एका फार्महाऊसवर माळी, त्याला सुट्टी नाही. मग तिथल्या बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी तीन दिवस संजनालाच शेजारी बसवून दाखवलं आणि सांगितलं, आता तूच करायचं.

"पाचला उठते. आईला भिंतीला टेकवून बसवते. समोर आरसा धरते, तिला आपलं तोंड दिसलं पायजे ना. मग टोपली घेते."

"कसली टोपली?"

"भाजीची. आई ठेसनाजवळ भाजी विकायची. सगळ्या बाजारात तिचा आवाज. लोकं म्हनायची, सोनाबाईला गप करून दाखवा. तीच टोपली. एकेक भाजी तिच्या डाव्या हातात द्यायची. मी म्हनायचं, शिराळं. ती माज्या तोंडाकडं बघनार. ओठ हलवनार. आवाज नाय. परत शिराळं. डोळ्यांतनं पानी काढायची. मी पन काढायचे."

"मग?"

"मग परत शिराळं," संजना म्हणाली.

खोलीत पंखा फिरत होता. पलीकडच्या टेबलावर कोणीतरी कुजबुजत आपला परिच्छेद वाचत होतं. जगदीश त्या मुलीकडे बघत राहिला. अठरा वर्षांत त्याने चार-पाचशे अर्ज लिहिले असतील, पण त्यांतल्या एकाही अर्जात असं वाक्य आलं नव्हतं. आणि ही मुलगी ते वाक्य सहज टाकून पुढे गेली होती, आपण काही मोठं बोललो याचा तिला पत्ताच नव्हता.

"किती दिवस चाललं हे?"

"एकोनतीस दिस काय नाय. मग एका सकाळी बोलली. चा."

"काय?"

"चा. चहा मागितला तिनं! मी धावत जाऊन शेजारच्या काकूंना बोलावून आनलं. चा केला, बशीत ओतून दिला. तिनं तोंड फिरवलं. मला वाटलं साखर कमी झाली. साखर घातली, मग प्यायली. मग रोजच मागायला लागली. दिसातनं आठ-आठ वेळा. चा, चा. मी करत राह्यचे. बा वैतागायचा, मी म्हनायचे, मागू दे की. मागतेय तरी." ती हसली. "आता बोलते हळूहळू. एकेक शब्द. सगळ्या भाज्या येतात तिला."

एवढं बोलून ती थांबली आणि पुन्हा ओढणीचं टोक हाताळू लागली. "पन हे कसं लिवनार? अर्जात असं लिवतात का?"

असाच प्रश्न जगदीशला पूर्वी एकदा विचारला गेला होता.

त्याच्या शेजारी भीमाबाई राहायची. चार वर्षांपूर्वी तिचा मुलगा वाल्मिक हायवेवर ट्रकखाली सापडला. महिन्याभराने ती जगदीशकडे आली, रस्त्यावर गतिरोधक करायला सांग म्हणून. त्याने तिथल्या तिथे अर्ज लिहिला, 'सदर ठिकाणी वारंवार होणारे अपघात लक्षात घेता', आणि तिला वाचून दाखवला. म्हातारी मन लावून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "यात माजा वाल्मिक कुटं हाय रं?" आणि जगदीशने समजुतीच्या सुरात उत्तर दिलं होतं, "मावशी, अर्जात असं नसतं लिहायचं." गतिरोधक झाला. जगूचा अर्ज कधी वाया जात नाही म्हणून वस्तीत त्याचं कौतुकही झालं. भीमाबाईने त्यानंतर कधी काही लिहायला आणलं नाही, आणि का आणलं नाही हा विचार त्याच्या मनात आजपर्यंत आला नव्हता.

"लिही," तो संजनाला म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच निराळा वाटला. "आत्ता मला सांगितलंस ना, तसंच लिही."

"तसंच?"

"तसंच."

ती लिहू लागली. एक ओळ झाली की थांबायची, त्याच्याकडे बघायची. तो काही बोलत नसे. मग ती पुन्हा मान खाली घालायची. तिचे ऱ्हस्व-दीर्घ चुकत होते, एक वाक्य पाच ओळी लांब गेलं होतं, 'टोपली' तीनदा आली होती. जगदीशला ते सगळं दिसत होतं आणि पहिल्यांदाच त्याच्या हाताला मुंग्या येत नव्हत्या. माणूस लिहीत असताना त्याचा चेहरा कसा होतो हे त्याने इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं, कारण दर वेळी लिहिणारा तोच असायचा आणि मान खाली घातलेली असायची.

मध्येच संजनाने विचारलं, "दादा, इथं 'चा' लिहू की 'चहा'?"

शुद्ध काय ते तिला ठाऊक होतं, आणि त्यालाही. उत्तर ओठावर आलं होतं. त्याने ते गिळलं. "आई काय म्हणाली?"

"चा."

"मग झालं तर."

तिने 'चा' लिहिलं.

शुक्रवारी जगदीशला कारखान्याची साप्ताहिक सुट्टी असे. कॉलेजातून परत आल्यावर तो घरी न जाता भीमाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. ती उन्हात तांदूळ निवडत होती.

"मावशी, वाल्मिक कसा होता गं?"

तिने सूप खाली ठेवलं. "आज का इचारतोस?"

"तवा इचारायचं राह्यलं."

भीमाबाईने पदराने डोळे पुसले नाहीत की काही नाही. बाजूची जागा हाताने झटकली आणि म्हणाली, "बस." मग सांगू लागली. वाल्मिकच्या उजव्या पायाची चप्पल आधी झिजायची. डावी नवी, उजवी टाचेला भोक पडलेली. लहानपणापासून. जगदीश त्याच्यासोबत वाढला होता, शाळेत गेला होता, त्याच्या खांद्यावर हात टाकून चवदार तळ्याच्या कार्यक्रमाला महाडला गेला होता आणि हे त्याला माहीत नव्हतं. तो दिवस मावळेपर्यंत तिथेच बसून राहिला.

शनिवारी अकराच्या सुमारास संजना आईला घेऊन आली. शेजाऱ्याची रिक्षा थेट ग्रंथालयाच्या पायरीशी आणली होती. कोंडाजी शिपाई खुर्ची घेऊन धावला, पण सोनाबाईने डाव्या हातानेच 'नको' केलं आणि संजनाच्या खांद्याचा आधार घेत, उजवा पाय ओढत ती आतपर्यंत चालत आली. ठेंगणी, वाळकी बाई. उजवा हात पोटाशी धरलेला, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. डोळे मात्र लखलखीत. खोलीतली पुस्तकं, टेबलं, पाटी सगळं तिने एका नजरेत बघून घेतलं, बाजारात नवं गिऱ्हाईक बघावं तसं.

"हे जगदीशदादा," संजनाने सांगितलं.

सोनाबाईने मान हलवली. ओठ जुळवले. "ब...सा," ती म्हणाली. जणू घरच तिचं होतं.

खुलासा पुरा झाला होता. नियमाप्रमाणे आता फक्त मोठ्याने वाचायचा होता. आईसमोर वाचायला संजना लाजली. मग तिने कागद तोंडासमोर धरला आणि सुरुवात केली. मोरीतलं पडणं आलं, पनवेल आलं. आरसा आणि टोपली आली तेव्हा सोनाबाईची मान खाली गेली होती. 'मग परत शिराळं' हे वाक्य तसंच आलं होतं.

"'एकोणतिसाव्या दिवशी आई पहिला शब्द बोलली,'" संजना वाचत होती. "'ती चा म्हणाली. मी चा करून दिला...'"

सोनाबाईचा डावा हात वर झाला.

संजना थांबली. "काय गं? पानी पायजे?"

"ना...य." आईने हात कागदाकडे केला. कपाळावर शीर ताठ झाली होती. "चा... नाय."

"काय नाय?"

सोनाबाईने डोळे मिटले, पुन्हा उघडले. सारा जीव ओठांत आणून ती म्हणाली, "जा."

कोणाला काही कळलं नाही.

"जा," ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी हात दाराकडे केला, बाहेरच्या वर्गांकडे. "कालि...जात. जा."

संजनाच्या हातातला कागद खाली आला. "म्हंजे... तवापास्नं? तू चा नव्हतीस मागत?"

आईने मान हलवली. "रो...ज," ती म्हणाली. "जा."

संजनाला हुंदकाही फुटला आणि हसूही फुटलं, दोन्ही एकदम. "आये! आनि मी चा पाजत बसले गं तुला! आठ-आठ वेळा!" तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. सोनाबाईच्या चेहऱ्याची डावी बाजू हसत होती. लेकीच्या केसांवरून हात फिरवत तिने आणखी एक शब्द शोधला. त्याला वेळ लागला.

"ग्वाड... व्हता."

जगदीश खुर्चीला खिळून बसला होता. 'चहा' असं शुद्ध लिहायला सांगितलं असतं तर? 'मातोश्रींनी चहाची इच्छा व्यक्त केली' असं त्याच्या सुंदर अक्षरात वाचलं गेलं असतं, आणि या बाईने ते परक्याचं पत्र ऐकावं तसं ऐकून घेतलं असतं, आणि इतके दिवस तिच्या पोटात असलेलं ते एवढंसं 'जा' तिथेच राहिलं असतं. एका अक्षरावर केवढं अवलंबून होतं! आणि ते अक्षर राखायला त्याला काहीच करावं लागलं नव्हतं, फक्त गप्प बसावं लागलं होतं. हे काम किती मोठं आहे, आणि आपण ते सोडायला निघालो होतो, या विचाराने त्याला धास्तीच वाटली.

बारा वाजून गेले होते. संजनाने डोळे पुसले आणि घाबरून कागदाकडे पाहिलं. "दादा, हे तर खोटं झालं आता. मी लिवलंय, चा म्हनाली."

"तू काय ऐकलं होतंस?"

"चा."

"आणि ती?"

"जा."

संजनाने पेन उचललं. जगदीश उठून खिडकीशी गेला, तिला दर ओळीला त्याच्याकडे बघावं लागू नये म्हणून पाठ करून उभा राहिला. मागे पेनाची कुरकुर ऐकू येत होती, थांबत होती, पुन्हा सुरू होत होती.

समिती तळमजल्यावरच बसली होती. साठ मुलांची आणि त्यांच्या आईबापांची रांग व्हरांड्यात होती. उपप्राचार्य घाईचे गृहस्थ. अर्जावर नजर टाकायची, "हं, घरगुती, कळलं, पुढचा" म्हणायचं, माणशी दोन मिनिटं. जगदीशची निघायची वेळ होऊन गेली होती. तरी बॅग खांद्याला लावून तो उघड्या दाराशी उभा राहिला. गुप्ते मॅडमही समितीत होत्या.

संजनाचा कागद उपप्राचार्यांनी हातात घेतला आणि सवयीने पहिल्याच ओळीवरून खाली सरकू लागले. मग थांबले. चष्मा नीट करून पुन्हा वरून वाचू लागले. उलटून पाठचं वाचलं. वाचून झाल्यावर शेजारच्या मॅडमकडे न देता ते शेवटचा भाग हलक्या आवाजात, स्वतःशीच वाचावा तसा वाचू लागले. नव्याने लिहिलेल्या ओळी जगदीशने तेव्हा पहिल्यांदा ऐकल्या.

"'मला चा ऐकू आलं. आई जा म्हणत होती. हे मला आज बारा वाजता कळलं. म्हणजे आईने मला रोज कॉलेजला पाठवलं होतं. मीच आले नाही. त्यामुळे गैरहजेरी माझी आहे, आईच्या आजाराची नाही.'"

संजनाला पुढे परीक्षेला बसू दिलं गेलं, मे महिन्यात जादा तास भरून देण्याच्या अटीवर, आणि तिने ते एकही न चुकवता भरले. जगदीश फेब्रुवारीनंतरही लेखन केंद्रात राहिला, तिसरं वर्ष संपेपर्यंत. पण हे सगळं मागाहून. त्या दुपारी उपप्राचार्यांनी कागद खाली ठेवला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि सोनाबाईला नेहमीपेक्षा सावकाश विचारलं, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय का?"

संजना आईच्या वतीने बोलायला गेली आणि थांबली.

सोनाबाई खुर्चीत ताठ झाली. डाव्या हाताने तिने पदर सारखा केला. "माजी... पोर," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द शोधू लागली.

तो शब्द कुठेतरी आत होता, एवढं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तिचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. व्हरांड्यातला गलबला हळूहळू विरला. उपप्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. गुप्ते मॅडम पुढे झुकल्या होत्या, कोंडाजी हातातला चहाचा ट्रे तसाच धरून भिंतीशी उभा होता, रांगेतली मुलं टाचा उंचावून बघत होती. 'हुशार', 'गुणाची', 'एकुलती', कितीतरी शब्द त्या खोलीत प्रत्येकाच्या तोंडाशी आले असतील. कोणीही तिला एकसुद्धा दिला नाही. सगळे वाट बघत राहिले.